घरभेटीत ऐकायचं कसं? आमच्याकडे कुणी बोलायला लागलं की लगेच प्रार्थना सुरू होते

नगरची_इंदूरकर

सर्वांना सलाम. माहेर नगरचं, लग्न होऊन इंदूरला आले. सासरी घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी.

आमच्या महिला मंडळाच्या शनिवारी घरभेटी असतात. पाच जणी, तीन स्कूटर, एका दुपारी पाच घरं. गेलं की एक गीत, बायबलचं वचन, प्रार्थना, चहा, की निघालो. ज्यांच्याकडे बाळ झालंय, कुणाला नोकरी लागलीय, तिथं हे झकास होतं. अडतं ते एका मावशींकडे. नाव लिहीत नाही. मालवा मिलच्या बाजूला एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे. यजमान जाऊन कैक वर्षं झाली, पण आम्ही गेलो की मावशी तीच रात्र सांगतात. जेवणं झाली होती, ते पलंगावर बसून रेडिओचं बटण फिरवत होते, छातीत कळ आली, ह्या रिक्षा बघायला चौकापर्यंत पळत गेल्या. गोष्ट इथपर्यंत आली की आमच्या प्रमुख बाई हात जोडतात, "चलो बहनों, प्रार्थना करते हैं." मावशी डोक्यावर पदर घेतात आणि मान खाली घालतात. प्रार्थना चांगलीच असते. पण पुढच्या खेपेला मावशी पुन्हा जेवणापासून सुरू करतात.

माझे प्रश्न असे. तेच तेच सांगणाऱ्या माणसाचं ऐकायचं म्हणजे नक्की करायचं काय? मला तर त्यांचं पुढचं वाक्य पाठ आहे. शिवाय वचन द्यायला गेलो आणि नुसतं ऐकून परत आलो तर ते चालतं का? बाईंचं म्हणणं, "ऐकायला शेजारणी आहेत, आपण वचन घेऊन जातो." आणि अजून एक, जरा नाजूक. एका घरच्या सुनेने रडत रडत काही सांगितलं. संध्याकाळी ते मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'प्रार्थनेची विनंती' म्हणून आलं, नावासकट, नवऱ्याच्या दारूसकट. ती सून आता आम्हाला दार उघडत नाही.

मला करता येईल असं काही सांगा. बाई वयाने मोठ्या आहेत, मनाच्या फार चांगल्या आहेत, सासूबाईंच्या मैत्रीण आहेत. त्यांना दुखवून काही करायचं नाही.


पलासियाकर

जय ख्रिस्त ताई. याकोब १:१९ वाचा. ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. सगळं त्यात आलं. मावशींना मोबाइलवर ऑडिओ बायबल घालून द्या, तरुण संघातला कुणीही मुलगा करून देईल. रिकामं मन मागचंच उगाळत बसतं. प्रार्थनेत आठवण ठेवतो.


निवृत्त_सिस्टर

पलासियाकर, याकोब वाचून झाला असेल तर नीतिसूत्रे १८:१३ पण वाचा. ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्या माणसाबद्दल आहे. मावशींचं मन कसं रमवू असं ह्या मुलीने विचारलेलंच नाही.

आता तुझ्याकडे वळते, नगरकर. तू म्हणते, राग मानू नकोस, माझ्या सुनेच्या वयाची असशील. लांबलचक होणार आहे.

मी नर्स होते. सगळी नोकरी इंदूरात, त्यातली बरीचशी मेडिकल वॉर्डात. तिथं एक गोष्ट रोज दिसायची. सकाळी डॉक्टरांचा राउंड यायचा, मागे पाचसहा जण, आणि डॉक्टर विचारायचे, "काय, कसं वाटतंय?" पेशंट म्हणायचा, "ठीक आहे साहेब." तोच पेशंट रात्री अडीचला, बायको खाली सतरंजीवर झोपलेली असताना, मी सलाईनचे थेंब मोजत असताना म्हणायचा, "सिस्टर, एक बोलू का?" त्या वेळी माझं तोंड बाटलीकडे असायचं, त्याच्याकडे नाही. म्हणून तर तो बोलायचा. तुम्ही पाच जणी समोर ओळीने बसता, मांडीवर बायबल घेऊन. तो राउंडच झाला की. त्यात मावशी निदान चौकापर्यंत येतात हेच मला विशेष वाटतं.

तेव्हा पहिलं काम, त्यांच्याकडे दोघीच जा, आणि शनिवार सोडून जा. हाताला काहीतरी चाळा घेऊन जा. सध्या बाजारात भुट्टे आलेत, मावशींच्या घरी किसणी असेलच. किसाला बस त्यांच्याबरोबर. निवडणं, सोलणं, किसणं चालू असलं की माणसाला नजर कुठं ठेवू हा प्रश्न पडत नाही. मध्ये बोलणं थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही, कारण हात चालू असतात.

आता तेच तेच सांगण्याबद्दल. तुझ्या लिहिण्यात एक गोष्ट आहे, तुझ्या लक्षात आली की नाही माहीत नाही. मावशी दर वेळी चौकात पोचतात आणि दर वेळी तिथंच तुम्ही डोळे मिटता. मग रिक्षा मिळाली का? परत घरी किती वेळाने आल्या? आल्या तेव्हा ते होते का? तुमच्या पाचांपैकी एकीला तरी ठाऊक आहे? तुम्हाला पाठ आहे तो अर्धाच भाग. त्या दर खेपेला पुढे सरकायला बघतात आणि तुम्ही त्यांना पलंगापाशी परत आणून सोडता.

१ राजे १९ काढून वाच, पण एलीया संदेष्टा दमून झुडपाखाली मरण मागतो तिथपासून. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून खायला देतो. मग होरेबाच्या गुहेत देव विचारतो, "एलीया, तू इथं काय करतोस?" एलीया आपलं रडगाणं सांगतो, की मी एकटाच उरलो आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. मग वारा, भूकंप, अग्नी, ते सगळं होतं, आणि देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो. एलीया पुन्हा तेच उत्तर देतो, जवळजवळ शब्दाला शब्द. दहावं वचन आणि चौदावं वचन शेजारी ठेवून बघ. "हे तू मघाशी सांगितलंस" असं देव म्हणत नाही. दोन्ही वेळा पुरं ऐकतो आणि त्यानंतर त्याला काम देतो, आणि तू एकटा नाहीस, ७००० जण माझे आहेत, हेही शेवटी सांगतो. हे ७००० सुरुवातीलाच सांगता आले नसते का? आपण असतो तर पहिल्या वाक्यालाच सांगितले असते.

काय बोलू नये ते सांगते, कारण ते जास्त उपयोगी पडतं. "देवाची इच्छा होती" नको. "मला कळतं तुमचं दुःख" नको, तुला कळत नाही, तुझा नवरा जिवंत आहे. "माझ्या आत्याचंही अगदी असंच झालं" हे तर मुळीच नको, कारण मग मावशींच्या दुःखाच्या जागी तुझी आत्या येऊन बसते. "मग?" हा शब्द चांगला. "तेव्हा घरात कोण कोण होतं?" चांगलं. यजमानांचं नाव घेऊन विचारणं सगळ्यांत चांगलं. इतक्या वर्षांत मावशींसमोर ते नाव कुणी उच्चारलं नसेल.

आणि गप्प बसवत नसेल तर मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश म्हण. अर्धा मिनिट जातो. "आमेन"पर्यंत पोचायच्या आत समोरचं माणूस बहुतेक वेळा पुढचं बोलतं. नाही बोललं तर तुला विचारायला काहीतरी सुचलेलं असतं.

प्रार्थना करायचीच, मी काही त्याच्या विरुद्ध नाही. पण आधी विचार, "मावशी, प्रार्थना करू का? कशासाठी करू?" सगळं गमावलेल्या ईयोबाने मित्रांना काय सांगितलं आहे, ईयोब २१:२ मध्ये? माझं बोलणं नीट ऐकून घ्या, तेवढंच तुमचं सांत्वन होऊ द्या. दुसरं काही मागितलं नाही त्याने. आणि जी प्रार्थना करशील ती त्यांनी वापरलेल्या शब्दांत कर, मराठीत कर. रेडिओ, चौक, रिक्षा हे शब्द प्रार्थनेत आले की त्यांना कळेल की तू ऐकत होतीस.


पलासियाकर

सिस्टर, टोमणा पोचला. पण माझा मुद्दा तेवढा हलका नाही. घरभेटीची रीत आपल्याकडे मिशनच्या काळापासूनची. १८७७ साली कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन इंदूरला आलं, त्यांच्या बाया जनान्यात जायच्या त्या वचन सांगायलाच. नुसतं ऐकायचं तर ते काउन्सेलर करतातच, फी घेऊन. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. आणि अम्माऊसच्या वाटेवर पुन्हा उठलेल्या प्रभूने त्याला न ओळखणाऱ्या त्या दोघा शिष्यांचं ऐकलं खरं, पण पुढे त्यांना निर्बुद्ध आणि मंदमतीचे म्हटलंच की! लूक २४:२५.


निवृत्त_सिस्टर

म्हटलं. पण त्याच्या आधीची वचनं वाचा. प्रभू त्या दोघांना विचारतो, चालता चालता काय बोलत होता? ते उदास होऊन उभे राहतात. क्लयपा म्हणतो, यरुशलेमेत राहून हे ठाऊक नसलेला तू एकटाच का? सगळ्या जगात त्या गोष्टी ज्याला सर्वांत जास्त ठाऊक त्याला हा म्हणतो! आणि प्रभू काय म्हणतो? "कोणत्या गोष्टी?" मग ते सगळं सांगतात, अगदी बायका पहाटे कबरेकडे गेल्या होत्या तिथपर्यंत. सांगण्यात चुकाही आहेत, आशा सोडल्याचंही आहे, तो मध्ये तोडत नाही. शास्त्र उलगडून सांगतो ते त्यानंतर, आणि तेही त्यांच्याबरोबर चालत. अम्माऊस यरुशलेमेपासून ११ किलोमीटर होतं. तुम्हीही मावशींबरोबर तेवढं चाला आणि मग काय ते म्हणा.

आंधळ्या बार्तीमयालाही प्रभूने विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं ते रस्त्यावरच्या पोरालाही कळलं असतं. तरी विचारलं.

काउन्सेलरबद्दल बोलू नका. त्यांची गरज कुठं पडते ते मी वॉर्डात पुष्कळ पाहिलंय.


राजेंद्रनगरचे_आजोबा

मी दुसऱ्या बाजूचा. म्हणजे ज्यांच्याकडे लोक भेटीला येतात, त्यातला. आमची मंडळी आजारपणात गेली. भेटायला पुष्कळ जण आले, सगळ्यांचे उपकार आहेत. बहुतेकांनी सांगितलं की रडू नका, ती प्रभूजवळ आहे. ती प्रभूजवळ आहे हे मलाही माहीत आहे, मी जन्माचा ख्रिस्ती. मेलेल्या लाजराला आता उठवायचंय हे प्रभूलाही माहीत होतं, तरी तो रडला.

एक गृहस्थ आले, चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसतात, कधी फारसं बोलणं नव्हतं. टेबलावर तिच्या औषधांची पिशवी तशीच पडली होती. ते म्हणाले, ह्यातली न फोडलेली पाकिटं परत घेतो का विचारू या मेडिकलवाल्याला. मग आम्ही दोघं बसून गोळ्या वेगळ्या करत बसलो. ही कशाची, ही सकाळची का रात्रीची, कडू होती का, कशी घ्यायच्या त्या. तिचं नाव घेऊन विचारत होते. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी तिच्या शेवटच्या दोन महिन्यांचं सगळं बोललो, पोरांनाही जे सांगितलं नव्हतं ते. प्रार्थना त्यांनी केली नाही. दारात म्हणाले, घरी जाऊन करतो. केली असणार.

अजून एक, बारीकसं आहे पण लिहितो. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. भेटीला आलेले निम्मे लोक डावीकडे बसून बोलतात आणि मी "हो हो" म्हणतो. म्हाताऱ्या माणसाकडे गेलात तर आधी विचारा, कुठल्या बाजूला बसू. आणि टीव्ही बंद करू का तेही विचारा, आपणहून करू नका.


वसईवाला_इंदूरात

मी कॅथोलिक, वसईचा, नोकरीमुळे इंदूरला. तिसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते तुमचा सगळ्यांत मोठा प्रश्न तोच आहे.

आमच्याकडे कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्यात, कलम ९८३ म्हणून ते सरळ लिहिलेलं आहे, आणि जो धर्मगुरू ते थेट फोडतो तो त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. पुढचं कलम तर असं की ऐकलेली गोष्ट सांगितली नाही तरी तिचा वापर करून त्या माणसाला त्रास होईल असं वागायचं नाही. म्हणजे फादरांनी कुणाला दारूचं कळलं म्हणून रविवारी प्रवचनाचा विषय दारू घ्यायचा आणि त्याच्याकडे बघायचं, हेही नाही.

घरभेटीला जाणाऱ्यांना असा कुठला नियम लागू नाही, म्हणून तो स्वतः करावा लागतो. नीतिसूत्रे ११:१३ मध्ये चहाडखोराबद्दल आहे, पण 'प्रार्थनेची विनंती' म्हणून पुढे पाठवलं की आपल्याला वाटतं आपण त्यात येत नाही. साधा उपाय सांगतो. निघताना त्या व्यक्तीला विचारायचं, "हे प्रार्थनेसाठी कुणाला सांगू का? सांगू तर कसं सांगू?" ती "नको" म्हणाली तर ते तिथंच राहिलं. "हो" म्हणाली तर तिने सांगितलेले शब्द तेवढेच. ग्रुपवर "एका बहिणीसाठी प्रार्थना करा" एवढं पुरतं. पूर्ण नाव-पत्ता देवाकडे आधीपासून आहे.

सिस्टरांच्या बोलण्याला जोडून आणखी एक. इथं इंदूरात राहून धन्य राणी मारिया या कॅथोलिक सिस्टरांची गोष्ट कुणाला माहीत नाही असं नाही. २५ फेब्रुवारी १९९५, उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये समुंदर सिंह याने त्यांना भोसकून मारलं. पुढे त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरातच राणी मारियांना धन्य घोषित केलं, त्या दिवशी मी मंडपात होतो, उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांना राखी आठवते. पण त्याआधी स्वामी सदानंद नावाचे धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटायला जात होते. खून केलेल्या माणसासमोर जाऊन बसायचं, त्याचं ऐकायचं. राखीपर्यंतची वाट तिथून निघाली. त्या भेटींचा फोटो कुठल्या कॅलेंडरवर नसतो.


नगरची_इंदूरकर

सगळ्यांचे आभार. आजोबा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

एक विचारायचं राहिलं. वसईकर म्हणतात तसं सगळं पोटातच ठेवायचं का? समजा कुणी म्हणालं, मला जगायचं नाही. किंवा घरात मार खातेय. तेव्हाही "मग?" म्हणत बसायचं?


निवृत्त_सिस्टर

नाही. म्हणूनच मघाशी काउन्सेलरवरून पलासियाकरांना अडवलं.

कुणी म्हणालं की जगायचं नाही, तर घाबरून विषय बदलू नकोस आणि "असं बोलणं पाप आहे" असं तर म्हणूच नकोस. सरळ विचार, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो असं लोकांना वाटतं, ते चूक आहे. उलट पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. "हो" म्हणाली आणि कसं, कुठं हेही ठरवलेलं दिसलं, तर तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या भरवशाच्या माणसाला बोलवायचं, तिथून थेट दवाखाना. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तिच्या शेजारी बसून तू लावून दिलास तर ती बोलेल. नुसता नंबर लिहून देऊन आलीस तर तो चिठ्ठीवरच राहतो.

मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१. पण तिला न विचारता तिच्या नवऱ्याला समजवायला पाळकांना घेऊन जाऊ नकोस. तुम्ही चहा पिऊन निघता, ती रात्र तिला काढायची असते.

आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर तिथं "कुणाला सांगणार नाही" हे चालतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आहे. त्यामुळे ऐकायच्या आधी "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊन बसू नकोस. "विचारल्याशिवाय सांगणार नाही, जिवावरचं असेल तर मात्र गप्प बसणार नाही" असं म्हण. वॉर्डात आम्ही तेच म्हणायचो.


पलासियाकर

सिस्टर, हे टेली मानसचं आमच्या चर्चच्या बोर्डावर लावतो. हिंदीत आणि मराठीत दोन्ही.


नगरची_इंदूरकर

थोडं कळवायचं होतं. परवा दुपारी मी आणि जाऊबाई मावशींकडे जाऊन आलो, पाऊस असूनही. जाताना भुट्टे घेऊन गेलो. मी कणीस किसणीवर उभं धरलं तर मावशींनी हातातून काढून घेतलं, "नगरला हेच शिकवलं का? आडवं धर, आणि दाणा किसायचा, आतला दांडा नाही." जाऊबाई केस काढत होत्या. मावशींनी मोहरी-हिंगाची फोडणी घातली, मिरच्या घातल्या, दूध घालून आटवत बसल्या, आणि पळी फिरवता फिरवता आपणहून सुरू झाल्या. जेवणं झाली होती, रेडिओ. मी यजमानांचं नाव घेऊन विचारलं की ते काय ऐकायचे. त्या हसल्या. हसताना मी त्यांना ह्याआधी पाहिलेलं नाही.

चौकाच्या पुढचं त्यांनी सांगितलं. इथं लिहीत नाही.

प्रार्थना करू का विचारलं तर म्हणाल्या, आधी कीस खा, गार होईल. मग स्वतःच केली, आमच्यासाठी, जाऊबाईंच्या गुडघ्यासाठीसुद्धा.

प्रमुख बाईंशी सासूबाई बोलल्या, मी नाही. वाद झाला नाही. शनिवारची घरं पाचावरून तीन केलीत आणि दोन-दोन, तीन-तीन जणींनी जायचं ठरलंय. ग्रुपवर नाव न घालण्याचं बाईंनी स्वतः जाहीर केलं, मात्र "काही लोकांना आवडत नाही म्हणून" असं म्हणून. चालायचंच.

त्या सुनेचं दार अजून बंदच आहे. बाई म्हणतात, मी जाऊन माफी मागते, मंडळाच्या सगळ्या जणी चला. मला ते बरोबर वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?


राजेंद्रनगरचे_आजोबा

सगळ्या जणी नको.


निवृत्त_सिस्टर

आजोबांचं बरोबर. बाईंनी एकटीने जावं, तेही आधी निरोप पाठवून, येऊ का म्हणून. "नको" आलं तर जायचं नाही, महिन्याने पुन्हा विचारायचं. निरोप सासूच्या फोनवर नको, त्या मुलीच्या स्वतःच्या फोनवर. आणि नवरा घरी नसेल अशी वेळ तिलाच ठरवू द्या.